पाहुण्यांच्या वाट्याची दहावी

तालुक्याहून समिती येणार असं कळल्यावर ताशुया गावच्या शाळेचे मुख्याध्यापक कासिमाली आगाय, म्हणजे कासिमाली गुरुजी, यांनी सगळ्यात आधी काय केलं, तर आपली पांढरी, लोकरीच्या नमद्याची टोपी झटकून उन्हात ठेवली. उमसुनाईला नवल वाटलं नाही. या माणसाला दुसरं सुचणार तरी काय? बत्तिशी दाखवायची आणि टोपी सरळ करायची, एवढ्या भांडवलावर त्याने मुख्याध्यापकाची खुर्ची गाठली होती.

उमसुनाई गणित आणि पदार्थविज्ञान शिकवायची. रसायनाच्या बाईंची जागा कपातीत गेली तसं रसायनही तिच्याच गळ्यात पडलं. ग्रंथपालाची जागा गेली, वाचनालयाची किल्ली तिच्या पर्समध्ये आली. यंदा कात्री दहावी-अकरावीवर पडणार होती. तालुक्याकडे पैसे नाहीत, म्हणून काही गावांचे वरचे वर्ग बंद करायचे, आणि कुठले ते समिती म्हणे स्वतः येऊन, डोळ्यांनी पाहून ठरवणार होती. वर्ग बंद झाले की मुलांनी घाटापलीकडे तालुक्याच्या गावी जायचं. हिवाळाभर घाट बर्फाखाली आणि तिकडे वसतिगृह नाही. मुलगे कुणा नातेवाइकाच्या घरी पडून राहून शिकले असते. मुलींचं शिक्षण नववीलाच आटोपणार, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी बोलत नव्हतं.

नववीत आइझिरेक होती. मेंढपाळ मोल्दोशची थोरली. पाठ्यपुस्तकाच्या मागे छापलेलं उत्तर चुकलंय म्हणून ही पोर वाद घालायची, आणि बरेचदा ते खरंच चुकलेलं असायचं. असं डोकं उमसुनाईने सगळ्या नोकरीत पाहिलं नव्हतं. मोल्दोशने मात्र उमसुनाईला, गावाच्या एजेला म्हणजे ताईला, साफ सांगून टाकलं होतं, "इथे वर्ग असेल तर शिकेल, एजे. नाहीतर बिश्केकला तिच्या मावशीच्या खानावळीत जाईल भांडी घासायला. घाटापलीकडे माझं कोणी नाही."

शिक्षकांच्या बैठकीत उमसुनाई म्हणाली, "आहे तसं दाखवा. भिंतीला हात जाईल एवढी भेग आहे, ती दाखवा. शेगडी धूर ओकते, ती दाखवा. पोरं अंगात कोट घालून गणितं करतात, हेही सांगा."

कासिमाली आगायांना धक्काच बसला. "पाहुण्यांना फाटकं घर दाखवायचं? लोक काय म्हणतील, एजे?"

"पाहुणे कसले? कापायला येताहेत ते."

"दारात आला तो पाहुणा. आपल्याकडे माणूस जिवावर उठून आला तरी आधी चहा विचारतात."

"विचारा तर मग. साखर किती घालू, हेही विचारा."

कोणी हसलं नाही. गावाच्या अब्रूचा प्रश्न आला की ताशुयातली माणसं अंगावरचा सदरा काढून देतात, मग भले पुढे थंडीने कुडकुडू देत. दुसऱ्याच दिवशी सगळं गाव राबायला आलं. बायांनी भिंतींना चुना दिला, पुरुषांनी कुंपण ठोकलं. धूर ओकणारी शेगडी उचलून परसात लपवली आणि कासिमालीच्या भावाच्या घरची नवीकोरी आणून बसवली. दुकानदाराच्या मुलाचा संगणक आला. घरोघरच्या हुंड्यातले शिरदाक, म्हणजे रंगीत नमद्याचे गालिचे, वर्गांत अंथरले. सगळ्यांत मोठा होता तो भेगेवर टांगला. उमसुनाई दारात हात बांधून उभी राहिली आणि तिने एका खिळ्यालाही हात लावला नाही. लाळघोटेपणाला सामुदायिक श्रमाचं नाव दिलं की तो पवित्र होतो, असं या लोकांना वाटतं, याचा तिला मनापासून तिटकारा आला.

मग मोल्दोश आला. बरोबर त्याची चांगली पोसलेली मेंढी. "आमच्याकडून हिला घ्या," तो म्हणाला. "पोरीच्या वर्गासाठी."

उमसुनाईच्या जिभेवर एक खोचक वाक्य तयार होतं. ते तिने गिळलं.

समिती म्हणजे दोन माणसं निघाली. एक जिर्गालबेक साहेब, पोट पुढे आणि आपण मागे. दुसऱ्या हिशेबनीस बाई, ज्यांनी गाडीतून उतरताना कानाला लावलेला फोन निघायची वेळ होईपर्यंत काढला नाही. शाळा पाहून व्हायला चहा निवण्याइतकाही वेळ लागला नाही. साहेबांनी संगणकाच्या डोक्यावर थोपटलं, जसं घोड्याला थोपटावं. मग ते त्या मोठ्या शिरदाकपाशी थांबले.

"वा! असा माझ्या घरीसुद्धा नाही."

"त्याच्यामागे बघा, साहेब," उमसुनाई म्हणाली.

"का हो? खजिना दडवलाय की काय?" साहेब स्वतःच्या विनोदावर हसले, कासिमाली आगाय त्यांच्याहून मोठ्याने हसले, आणि कासिमालीच्या परसातून मटणाचा वास आला तशी समिती त्या दिशेला वळली. उमसुनाईने शिरदाकचं टोक उचलून धरलं होतं. ते बघायला खोलीत कोणी उरलं नव्हतं.

जेवण कासिमालीच्या घरी होतं. वाटे मानाप्रमाणे लागले आणि मेंढीचं डोकं साहेबांसमोर आलं. त्यांनी रिवाजाप्रमाणे कान कापला आणि चहा ओतायला उभ्या असलेल्या आइझिरेकला दिला. "घे. मोठ्यांचं ऐकत जा, कल्याण होईल." पोरीने कान घेतला, मान लववली. तीन तास हा माणूस जेवला. मधे मधे शिक्षण म्हणजे राष्ट्राचा कणा असं म्हणायचा आणि समोरचा कणा चोखायचा.

चहावर आल्यावर त्याने हात पुसले आणि बोलायला घेतलं.

"मी खूष आहे. एवढी गावं फिरलो, पण असं स्वतःच्या पायावर उभं गाव नाही पाहिलं. इथे सरकारची गरजच काय? तेव्हा तुमची दहावी-अकरावी आम्ही बंद करतोय. वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही खातीपिती माणसं, पोरांना तालुक्याला ठेवाल."

कासिमाली आगायांच्या चेहऱ्यावरचं हसू तिथेच वाळलं. 

"म्हणजे शेजारच्या कोकजारचे वर्ग राहणार," उमसुनाई म्हणाली. "त्यांच्याकडे काहीच नाही."

"छे, त्यांचेही बंद. काल जाऊन आलो. भिंती तडकलेल्या, पोरं कोट घालून बसलेली, सगळं उघडं दाखवलं त्यांनी. अशा धोक्याच्या इमारतीत मुलं बसवायची? माझ्या मनाला पटेना, एजे."

 इतके दिवस उमसुनाई गावावर चिडली होती. गालिचा टांगला काय आणि भेग दाखवली काय, कात्री घरून धार लावूनच आली होती. आपण भेगेवर भरवसा ठेवला आणि कासिमालीने मटणावर, मूर्ख दोघंही सारखेच, हे कळून तिला स्वतःची कीव आली, आणि स्वतःची कीव करणं तिला मुळीच आवडत नसे.

"मग बघायला कशाला आलात?"

"एजे, चहा घ्या ना," कासिमाली आगाय पुटपुटले.

"असं कसं? लोकांना भेटायला नको?" साहेबांना प्रश्न अगदीच भाबडा वाटला. "नाहीतर उद्या म्हणाल, खुर्चीत बसून निर्णय घेतात."

पंगतीतल्या एका म्हाताऱ्या बाबांनी जेवणानंतरचा आशीर्वाद म्हटला, सगळ्यांनी ओंजळी धरून चेहऱ्यावरून फिरवल्या. उमसुनाईने हात मांडीवरून उचलले नाहीत. तिच्या शेजारची बाई दचकून बाजूला सरकली.

बाहेर मोल्दोश होता. तो दिवसभर कढईपाशी. आतलं त्याच्या कानावर काहीच आलं नव्हतं. पाहुण्यांना घरी न्यायला मटण बांधून द्यायचं असतं, त्याला केशिक म्हणतात. मोल्दोशने निवडक तुकडे घालून मोठं बोचकं बांधलं होतं आणि ते साहेबांच्या गाडीच्या डिकीत ठेवत होता. चेहरा धुराने काळा आणि आनंदाने फुललेला.

"पोरगी हुशार आहे हं तुझी," साहेब जाता जाता त्याला म्हणाले. "शिकव तिला." आणि ते कासिमालीचा निरोप घ्यायला वळले.

"ऐकलंत, एजे? मग होणार ना वर्ग?"

उमसुनाईने सांगितलं. थोडक्यात सांगितलं, कारण यात गोड करून सांगण्यासारखं काही नव्हतं.

 मोल्दोशचा हात डिकीतल्या बोचक्यावर गेला. उमसुनाईला वाटलं, आता हा ते उचलेल. त्याने बोचकं जवळ ओढलं, सैल पडलेली गाठ सोडली आणि पुन्हा करकचून बांधली.

"रस्सा सांडेल गाडीत," तो म्हणाला.

तेव्हा मात्र उमसुनाईला रडू फुटायचं बाकी राहिलं. दिवसभर तिने सगळ्यांना मनातल्या मनात शिव्या दिल्या होत्या. या माणसाला द्यायला तिच्याकडे एकही उरली नव्हती.

आइझिरेक किटली घेऊन पायरीवर उभी होती. तिने किटली खाली ठेवली, सावकाश चालत गाडीपाशी आली आणि दोन्ही हातांनी बोचकं उचलून बाहेर काढलं.

"अगं, पाहुण्यांचा वाटा आहे तो!" मोल्दोश घाबरून म्हणाला.

"तुम्ही मेंढी वर्गासाठी दिली होती, अता. वर्ग नाही, तर मेंढीही नाही."

ती बोचकं पोटाशी धरून घराच्या वाटेला लागली. रस्सा तिच्या झग्यावर गळत होता. साहेब तोंड उघडं टाकून बघत राहिले. हिशेबनीस बाईंनी दिवसात पहिल्यांदा फोन कानावरून काढला. कासिमाली आगाय धावत आत गेले, स्वतःच्या घरासाठी ठेवलेलं मटण घेऊन आले आणि माफी मागत मागत ते डिकीत त्याच जागी नीट ठेवलं.

सप्टेंबरात शाळा सुरू झाली तेव्हा दहावीची खोली उघडलीच नाही. गालिचे ज्याचे त्याने नेले. आइझिरेक आता बिश्केकला मावशीच्या खानावळीत भांडी घासते. गावात आजही, जेवणावळ म्हटली की, भर अंगणात पाहुण्याच्या गाडीतलं मटण काढून नेणाऱ्या बेशरम पोरीची गोष्ट निघते. म्हातारे माना हलवतात, बाया गालावर बोटं ठेवतात आणि कासिमाली आगाय म्हणतात, तेव्हापासून मला तालुक्यात तोंड दाखवायला जागा नाही. बंद पडलेल्या वर्गाचा विषय आजवर एकाही जेवणावळीत निघालेला नाही.