घागरीवरचा पेला

पालथ्या घागरीवरचा पेला किणकिणला आणि पेपर सोडवणाऱ्या हुमाचं पेन क्षणभर थांबलं. किल्लारीच्या भूकंपानंतर माझ्या अब्बांनी लावलेली घागरीवर पेला ठेवायची सवय मी निलंग्यातल्या घरातही मोडली नाही. जमीन हलली की पेला वाजतो, आणि पेला वाजला की अंगणात पळायचं.

दोन्ही लेकरांना मी घरीच शिकवते. हुमाला डॉक्टर व्हायचंय. उद्या लातूरच्या क्लासची निवड परीक्षा, म्हणून आज घड्याळ लावून सराव. धाकट्या मुज्तबाला अक्षरं जुळत नाहीत, पण बंद पडलेला पंप तो खोलून चालू करतो.

“ऊठ, हुमा.”

“बाराच मिनिटं राहिलीत, अम्मी. उद्या कुणी घड्याळ थांबवणार हाय का माझ्यासाठी?”

पेला पुन्हा वाजला. मी तिचा हात धरला, तिनं झटकला. तेवढ्यात मुज्तबानं तिची प्रश्नपत्रिका उचलली आणि अंगणात धूम ठोकली.

“या डॉक्टरीणबाई, घ्या पेपर.”

हुमा त्याला शिव्या देत मागं धावली. तिच्यामागं मी.

थोड्या वेळानं सगळं शांत झालं. हुमा लिंबाखाली बसून उरलेली गणितं सोडवू लागली. मुज्तबा मला चिकटून उभा होता.

“अम्मी,” तो हळूच म्हणाला, “लातूरला हुमाआपाचा पेपर कोण पळवील?”