रिकामी वस्ती

आबांना जाऊन चार दिवस झाले होते, तेव्हा तो पहिल्यांदा आला. हातात प्लास्टिकची फाइल. नाव विश्वजित, आडनाव सांगितलं नाही. सुभेदारसाहेबांचे जुने कागद, पत्रं असतील तर ऑफिसला जमा करायची आहेत, म्हणाला. कोणतं ऑफिस, ते मी दोनदा विचारूनही कळलं नाही.

"सोमवारी परत येतो, ताई."

आबा, माझे वडील, पलटणीत वायरलेसवर होते. निवृत्तीनंतर वीस वर्षं कोरेगावजवळ गावी राहिले, पण शेवटच्या लढाईबद्दल कधी बोलले नाहीत. गावाने वेशीच्या कमानीला त्यांचं नाव द्यायचं ठरवलं होतं.

मी ट्रंक उघडली. वर त्या लढाईच्या चौकशीच्या अहवालाची प्रत होती: पलटण पोचली तेव्हा वस्ती आधीच रिकामी होती. खाली साक्षीदार म्हणून आबांची सही. आणि तळाला क्षमावाणीची एकोणीस कार्डं, सगळी आबांच्या पलटणीतल्या, सांगलीजवळच्या समडोळीच्या पायगोंडा पाटलांची. पर्युषण संपलं की जैन घरांतून अशी छापील कार्डं येतात: कळत-नकळत मन दुखावलं असल्यास क्षमा असावी. या प्रत्येक कार्डावर छापील ओळीखाली पेनाने तीच यादी होती. निळ्या शालीची म्हातारी. तिच्या कडेवरचं पोर. दोन भाऊ, धाकटा अनवाणी. अशी अकरा माणसं.

रविवारी सांगलीची गाडी धरली. सुतकात घर सोडते म्हणून चुलती बरंच बोलली.

पायगोंडाकाका उसाला पाणी पाजून नुकते आले होते. कार्डं बघताच त्यांनी मला आत घेऊन दार लोटलं.

"कुणी धाडलं तुला?"

"कुणी नाही."

"आणि सुतकात एवढ्या लांब आलीस व्हय?"

"ही माणसं कोण, काका?"

त्यांनी हातपाय पुसले, टॉवेल दोरीवर टाकला, नीट केला. "क्षमा ज्याची मागायची त्यालाच कार्ड धाडायचं आसतं. ह्यास्नी पत्ता कुठला? म्हणून तुझ्या बापाकडं धाडत हुतो. वायरलेसवर हुकूम त्यानं घेतला. पाळला मी. मग सही दोघांनीबी केली."

"वस्ती रिकामी होती म्हणून?"

"आमी निघालो तवा रिकामीच हुती."

मग त्यांनी हात पुढे केला. "आण हिकडं. चुलीत घालतो. बापाचं नाव चांगलं ऱ्हाईल."

चांगलं नाव मलाही हवंच होतं. पण त्यांचा हात फार लवकर पुढे आला होता. मी कार्डं पिशवीत टाकली आणि निघाले.

सोमवारी विश्वजित बसता बसताच म्हणाला, "एकोणीस कार्डं आहेत ना?"

आकडा माझ्याखेरीज एकाच माणसाला ठाऊक होता.

ओसरीवर दुखवट्याची माणसं बसली होती, भावकी आणि सरपंच. "आत बोलू या का?" त्याने हळूच विचारलं.

"इथंच बरं आहे."

"वडिलांचा विचार करा, ताई."

मी एक कार्ड काढलं. आधी अहवाल काय म्हणतो आणि त्यावर सही कुणाची आहे, ते सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. मग यादी वाचायला लागले. अनवाणी भावापाशी आले तेव्हा सरपंच जमिनीकडे बघत होते. विश्वजितने फाइल उघडली नव्हती.

आई आतून येऊन दाराला टेकली. मी थांबले.

"थांबू नगंस," ती म्हणाली. "समदी वाच."