बोंबलांच्या दोरीवर वाळलेला रोल

मी एक जुना, पेटीसारखा चौकोनी कॅमेरा आहे. माझ्या भिंगावर एक ओरखडा आहे आणि स्वभावाने मी भित्रा आहे. कॅमेरे धीट असतात असे तुम्हांला वाटत असेल, मित्रांनो. छे! जन्मभर काळोखात बसायचे आणि क्षणभर डोळा उघडायचा, असल्या जिवाला धीर कुठून येणार?

कारखान्यातून मी थेट दादरला, सरोजिनीबाईंच्या नव्या संसारात आलो. बारशी, मुंजी, सहली, सगळीकडे माझा मान पहिला. पुढे त्या बेलापूरच्या नव्या वसाहतीत राहायला आल्या, तिथल्या शाळेत चित्रकला शिकवू लागल्या. घरात रंगीत फोटोंचा नवा कॅमेरा आला आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. तिथे चार वर्षे माझी कुणी चौकशीही केली नाही.

मग बाईंनी मला आपल्या एका विद्यार्थिनीला देऊन टाकले. तिचे नाव सगुणा. घर जवळच्याच दिवाळे गावात, खाडीला लागून. वडील वामन होडी घेऊन मासे धरायचे आणि आई चांगुणाबाई ते पाटीत घालून वसाहतीत विकायची. पहिल्या दिवशी मला माशांच्या वासाने मळमळले. आठवड्याभरात वासाचे काही वाटेनासे झाले, कारण सगुणा मला बाळासारखे जपायची.

१९८६ च्या मे महिन्यात ती बारावी देऊन बसली होती. पुण्याच्या एका कॉलेजात फोटो, सिनेमा आणि व्हिडिओ शिकवत असत. तीन वर्षे, वसतिगृहात राहून. अट एकच: फोटो स्वतः काढायचे, त्यांची फिल्म स्वतः धुवायची आणि असे दहा फोटो पाठवायचे. वामनला हे मुळीच पसंत नव्हते.

"वाशीला व्हिडिओचा कलास हाय," तो म्हणायचा. "सा महिन्यात लग्नांची शूटिंग करशील. सांजेला घरात. पुन्याला आपला कोन हाय?"

सगुणाने दोन्ही फॉर्म आणून गादीखाली ठेवले होते. पुण्याचा ती भरायला घ्यायची आणि तसाच परत गादीखाली सरकवायची. मला तर तिच्याहून जास्त भीती, कारण सगळी मदार माझ्यावर होती. परवडला तो रोल एकच, बारा फोटोंचा. वडील होडीला डांबर लावताना, आई पाटी डोक्यावर घेताना, असे बारा फोटो आम्ही जीव मुठीत धरून काढले.

बाईंच्या न्हाणीघरात खिडकी झाकून, काळोखात सगुणाने फिल्म रसायनांत धुतली. सुरेख उतरली. बाई म्हणाल्या, "आता घरी जाऊन नीट वाळत घाल." बंद खोलीत, धूळ नसेल तिथे, हे सांगायला हवे असे त्यांना वाटलेच नाही. आणि सगुणाच्या घरी वाळवायची जागा म्हणजे एकच, अंगणातली बोंबलांची दोरी.

मी खिडकीत होतो. ओली फिल्म दोन बोंबलांच्या मधे लोंबत होती. खाली चांगुणाबाई सुकट, म्हणजे वाळलेली बारीक कोळंबी, पाखडत होती आणि खाडीवरचा वारा सुटला होता. मित्रांनो, मी आतल्या आत किंचाळत होतो. काढ गं पोरी, काढ! पण आम्हां कॅमेऱ्यांना तोंड कुठे असते?

फिल्म वाळली ती सुकटीची भुकटी अंगात रुतवूनच. पुन्हा धुऊनही ती निघेना. पनवेलच्या स्टुडिओतून फोटो छापून आणले, तर आईच्या कपाळापासून होडीपर्यंत पांढरे ठिपके. फॉर्मची मुदत चार दिवसांवर आली होती.

सगुणा भिंतीला पाठ लावून बसली. "आये, मी वाशीलाच जाते."

चांगुणाबाईने सूप खाली ठेवले. "वाशी तुला पायजे, का तू भ्यालीस?"

सगुणाने गादीखालून वाशीचा फॉर्म ओढून काढला.

"भ्यालीस तर तसं सांग. मी पन भ्याले हाय. तुझा बापूस पन भ्यालाय, म्हनून वराडतोय."

कोपऱ्यात वामन जाळे विणत राहिला. त्या दुपारी सगुणाने पुण्याचा फॉर्म भरला आणि ठिपक्यांचेच फोटो पाठवले.

पुण्याहून मुलाखतीचे बोलावणे आले, तेव्हा तिने मलाही पिशवीत घालून नेले. टेबलामागे तीन माणसे होती. तिने पिशवी इतकी घट्ट कवटाळली की आत माझे झाकण करकरले.

"हे डाग कसले?" एकाने विचारले.

पळून जावे असे मला वाटले.

"सुकट आहे, सर," सगुणा म्हणाली. "ओली फिल्म मी बोंबलांच्या दोरीवर वाळवली. माझी चूक आहे. धूळ नसलेली जागा आमच्या घरात नाही. ती कुठे असते, तेच मला शिकायचंय."

तिला प्रवेश मिळाला. कॉलेजात चांगले कॅमेरे होते, म्हणून मी दिवाळे गावातच राहिलो. आता दर रविवारी बाजारातून आल्यावर चांगुणाबाई मला मांडीवर घेते आणि लेकीचे नाव घेत पदराने पुसते. मित्रांनो, वस्तू कोरड्या, स्वच्छ हातांनी हाताळाव्यात, हे मी तुम्हांला सांगायलाच हवे. तिच्या हातांचे खारे पाणी माझ्या स्क्रूंत शिरते. मी लवकर गंजणार, याची मला फार भीती वाटते. त्याहून मोठी भीती एकच, की एखाद्या रविवारी ती मला मांडीवर घ्यायची विसरेल.