आंदणाची मेंढी

खटकचिंचोळीच्या गायरानात आता गवत शोधावं लागतं. जिकडं बघावं तिकडं घाणेरीची झुडपं. तिची लाल-पिवळी फुलं बघून आमचे उदगीरचे पाव्हणे फोटो काढतात आणि माझ्या अंगाचा तिळपापड होतो. बुलबुल तिची काळी फळं खातात आणि जिथं बसतील तिथं बी टाकतात. यंदा ती आमच्या गोठ्याच्या भिंतीला येऊन टेकली.

दिवाळीनंतर औरादहून बापानं मला आंदण म्हणून गाभण मेंढी धाडली. "घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं," सासूबाई म्हणाल्या. पण या घरात माझं स्वतःचं म्हणावं असं तेवढंच एक जनावर होतं, आणि तिच्या पोटात दुसरं.

"तिला घाणेरी ठाऊक न्हाई, मामा. गायरानात नेऊ नका," मी सासऱ्यांना म्हणाले.

शिवाप्पामामा हसले. "मेंढराला कळतंय काय खावं ते. सात पिढ्या मेंढरामागं गेल्या आमच्या."

इथल्या मेंढरांना कळत होतं. ती घाणेरी हुंगून पुढं जायची. मामांनी माझीलाही नेलंच. ती नवखी, भुकेली होती, तिनं पाला ओरबाडला.

मग तिनं चारा सोडला. डोळे पिवळे पडले, अंग थरथरायला लागलं. मामांनी तिला उन्हात बांधलं. आजारी मेंढराला ऊन दाखवायचं, हा त्यांच्या बापजाद्यांचा इलाज. संध्याकाळपर्यंत तिचे कान सुजले, नाकावरची कातडी तडकली.

जनावरांचे डॉक्टर फोनवर म्हणाले, "घाणेरी भिनली की ऊनच कातडी जाळतं. अंधारात ठेवा, तरच जगेल." मी तिला धान्याच्या खोलीत नेलं, खिडकीला पोतं लावलं. सकाळी तिनं चार काड्या चघळल्या, तेव्हा मला रडूच आलं. मामांना डॉक्टरांचं सगळं सांगितलं आणि मी औषध आणायला भालकीला गेले.

परतले तेव्हा ऊन तिरपं झालं होतं. खोलीचं दार उघडं होतं आणि मेंढी अंगणात पडली होती. मामा तिच्या पाठीवरून हात फिरवत बसले होते.

"कामून बाहेर काढलीत, मामा?"

"अंधारात कुडकुडायली होती, पोरी. बघवंना मला."

मी औषध खाली ठेवून तिच्याजवळ वाकले. मेंढीचे उघडे डोळे हलत नव्हते. मामांना ते कळलं नव्हतं. आपली लांबलेली सावली पडून तिचं ऊन अडायलंय असं दिसलं, तसे ते हळूच बाजूला सरकून बसले.