ओलीपुढे उभे केलेले कपाट

मित्रांनो, मी एक जुने लाकडी कपाट आहे. माझ्यासारखी कपाटे सहसा आपल्या पोटात काय काय दडले होते ते सांगतात. मला मात्र माझ्या पाठीमागे काय होते ते सांगायचे आहे. सांगताना मान खाली जाते, पण सांगितल्यावाचून चैनही पडत नाही.

मला एका सुताराने स्वतःच्या घरासाठी घडवले. सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. दिवसभर लोकांची दारे-खिडक्या करून ते घरी येत आणि जेवणाआधी तासभर माझ्या फळ्यांवर रंधा मारत. लेक झाली तेव्हा माझ्या खालच्या कप्प्यात तिची झबली आली, मग दप्तर, मग जाडजूड पुस्तके. आलेगेले माझ्या दारावर हात फिरवून म्हणत, "मिस्त्री, हात आहे हो तुमचा!" मी फुगून जाई. दमट हवेत तर खरोखरच फुगे आणि दार लागेनासे होई.

पुढे लेक दूरच्या गावी नोकरीला गेली. मिस्त्रींचे गुडघे कुरकुरू लागले, जिना चढवेना. घर विकून तळमजल्यावर लहानशी जागा घ्यायचे ठरले. दलाल मात्र त्यांना नकोच होता. "आपलं घर आपण दाखवू," ते काकूंना, म्हणजे आपल्या बायकोला, म्हणाले. "इथला खिळा न् खिळा मला ठाऊक आहे. दलाल काय, पाठ केलेलं बोलणार!" लेकीने तिकडून जाहिरात टाकली, काकूंनी पडदे धुतले, मिस्त्रींनी बिजागऱ्यांना तेल घातले.

अडचण एकच होती. मागच्या खोलीच्या भिंतीत कुठेतरी पाइप झिरपत होता आणि तिथे परातीएवढा काळा डाग पडला होता. पहिल्या दोन गिऱ्हाइकांनी तो पाहिला आणि काढता पाय घेतला. मग एका सकाळी मिस्त्रींनी मला ढकलत नेले आणि माझी पाठ त्या डागावर टेकवली.

"अहो, हे काय?" काकूंनी दारातून विचारले.

"खोली मोठी दिसते," मिस्त्री म्हणाले. त्यांनी काकूंकडे पाहिले नाही.

तिसरे गिऱ्हाईक म्हणजे बेकरीत काम करणाऱ्या एक बाई. सोबत त्यांची सहा-सात वर्षांची मुलगी. बाईंना खिडकीतला उजेड आवडला, मीही आवडले. निघता निघता त्या म्हणाल्या, "काका, ओलबिल नाही ना कुठे? हिला दमा आहे, म्हणून विचारते."

मिस्त्रींचा हात माझ्या दारावर होता. "छे हो! ठणठणीत कोरडं घर आहे," ते म्हणाले.

मित्रांनो, मला बोलता येत नाही. पण त्या खोट्याचा अर्धा भार माझ्या पाठीवर होता, एवढे मला कळत होते.

कागदपत्रे तयार व्हायला तीन आठवडे लागले. तोवर ओल माझ्यात शिरली. काकूंनी आवराआवरीसाठी दार उघडले तर लेकीच्या शाळेच्या स्वेटरवर बुरशीचे ठिपके. त्यांनी तो जेवायला बसलेल्या मिस्त्रींच्या मांडीवर पसरला. "ती पोर याच खोलीत झोपणार आहे," एवढेच म्हणाल्या. मिस्त्रींनी ताट बाजूला सारले.

दुसऱ्या दिवशी बाई मुलीला घेऊन सही करायला आल्या. मिस्त्री टेबलावरून उठले आणि म्हणाले, "ताई, सही राहू द्या. आत येऊन जरा हात लावता? एकट्याला ओढवत नाही."

दोघांनी मला ओढले. फरशीवर माझे पाय करकरले. मागची भिंत आता खांद्याच्या उंचीपर्यंत काळी होती. मुलीने नाक दाबले.

"मी विचारलं होतं, काका." बाईंचा आवाज मुळीच चढला नाही.

"हो. मी खोटं बोललो."

"हिला दमा आहे, हे माहीत असून?"

मिस्त्रींनी होकारार्थी मान हलवली. बाईंनी मुलीचा हात धरला आणि त्या जिना उतरून गेल्या. परत आल्या नाहीत.

मग मिस्त्रींनी भिंत फोडून पाइप बदलून घेतला. पुढच्या जाहिरातीत ओलीचा उल्लेख सगळ्यात वर होता. येईल त्याचा हात धरून ते भिंतीला लावत. "अहो, घर विकायचंय ना आपल्याला?" काकू शेवटी वैतागून म्हणाल्या. घर विकले गेले, पण बऱ्याच कमी किमतीला आणि बऱ्याच उशिराने.

आता आम्ही तळमजल्यावर राहतो. मिस्त्रींनी माझ्या पाठीला नवी फळी बसवली, तरी दार उघडले की कुबट वास येतोच. कपडे काढताना ते तोंड फिरवतात. बेकरीतून पाव आणायला काकूच जातात. एकदा परत येऊन म्हणाल्या, "ती भेटली आज. ओळखलं तिनं मला. पाव दिला, बोलली नाही." मिस्त्रींनी तो पाव खाल्ला नाही.

मित्रांनो, आम्हा कपाटांना भिंतीपासून चार बोटे दूर ठेवत जा. मागून वारा खेळला की लाकूड टिकते. आणि कधी तुमच्यावर स्वतःचे घर दाखवायची वेळ आली, तर आधी आम्हाला बाजूला ओढा आणि मगच येणाऱ्याला आत बोलवा. आम्ही जड आहोत, मान्य आहे. पण घरातल्या दोघांनी मनावर घेतले तर हलतो.