गाडीला ठिगळ

नवऱ्याचा पाय गाडीच्या गंजलेल्या तळातून थेट रस्त्याला टेकला, तेव्हा शिंपीणबाईंना हसू आवरेना. तो मात्र एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून म्हणाला, "वेल्डिंगचं मशीन आणू कुठून? जाऊ दे भंगारात."

"अहो, फाटला म्हणून कोणी कोट फेकून देतं का?"

बाईंनी बाह्या सरसावल्या. गंज खरवडला, भोकावर कागद धरून माप बेतलं आणि चारी बाजूंनी शिलाईपुरती जागा सोडून जुन्या पेटीचा पत्रा कापला. नवऱ्याने रिव्हेट मारून तो घट्ट बसवला. बाईंनी कडेकडेने सीलंट भरलं.

ते वाळल्यावर बाईंनी गाडीत बादलीभर पाणी ओतलं. नवरा गाडीखाली आडवा पडून बघत होता. एक थेंब गळला नाही. तो खुशीत बाहेर आला आणि आत डोकावला. पाण्यावर त्याची चप्पल तरंगत होती.

"आता हे काढायचं कुठून? बारीकसं भोक पाडू?" त्याने ड्रिल उचललं.

बाईंनी ते काढून घेऊन त्याच्या हातात आंघोळीचा मग दिला. आणि स्वतः सीटवर ऐसपैस बसून पाण्यात पाय सोडले.

"उपसा सावकाश. मला काही घाई नाही."