वगळलेलं बंदर

मोहाडीच्या तहसील कचेरीसमोर धनंजयचं दुकान होतं. सातबाऱ्याचा उतारा, परीक्षेचे फॉर्म, नोकरीचे अर्ज, रेल्वेची तिकिटं अशी कामं तो करायचा. जहाजाचं तिकीट मात्र मोहाडीत आजवर कुणी मागितलं नव्हतं.

मार्चातल्या एका दुपारी मंदाबाई दुकानात आल्या. पदरानं तोंड पुसत त्यांनी विचारलं, "धनू, त्या बेटावर जाची तिकीट भेटते का गा तुझ्याजवळ?"

कोणतं बेट, हे धनंजयला विचारावं लागलं नाही. मंदाबाईंचा मुलगा योगेंद्र आणि तो पहिलीपासून एका बाकावर बसले होते. आयटीआय झाल्यावर योगेंद्र वर्षभर घरी बसून होता. बापाच्या हातमागावर त्याचं मन रमेना. तेव्हा लक्षद्वीपातल्या एका लहान बेटावर सोलर पॅनल बसवायच्या कामाची जाहिरात धनंजयनंच शोधली होती. अर्जही त्यानंच भरला होता. योगेंद्र गेला, नऊ महिने राहिला. एका सुट्टीच्या दिवशी दोन मित्रांसोबत मासे पकडायला छोट्या नावेतून निघाला आणि नाव उलटली. मित्र पोहून आले. योगेंद्रला तलावात पोहता येत होतं. समुद्र त्याला झेपला नाही. त्याचा देह सापडलाच नाही.

या गोष्टीला दोन वर्षं झाली होती. त्या बेटावर योगेंद्र ज्याच्या घरी राहायचा तो सैद कोया अजून महिन्यातून एकदा योगेंद्रच्या वडिलांना, ईश्वरकाकांना, फोन करायचा. मोडक्यातोडक्या हिंदीत विचारपूस करायचा आणि शेवटी म्हणायचा, "आप लोग एक बार आ जाओ. मैं जगह दिखाता."

मंदाबाईंना तेवढंच हवं होतं. एकदा ती जागा डोळ्यांनी पाहायची. त्यांच्या भाचीनं सांगितलं होतं की मुंबईहून मोठं प्रवासी जहाज निघतं आणि ते त्या बेटाजवळ एक दिवस थांबतं.

धनंजयनं शोधलं. हिवाळ्यातल्या फेऱ्या संपल्या होत्या. त्या बेटाला जाणारी मोसमातली शेवटची फेरी मेच्या मध्यावर होती. पुढची थेट पावसाळ्यानंतर.

दुसऱ्या दिवशी ईश्वरकाकाही आले. दोघं समोरच्या खुर्च्यांवर बसले आणि धनंजय पडद्यावरचा मजकूर वाचून मराठीत सांगू लागला. जहाज खोल पाण्यात उभं राहतं. तिथून लहान होड्यांनी बेटावर नेतात. सकाळी आठला उतरायचं, दुपारी तीनला परतायचं. उतरल्यावर दोन वाटा. एक, जहाजाचीच सहल घ्यायची. तळाला काच असलेल्या नावेतून मासे बघायचे, नारळपाणी प्यायचं.

"आमाले कायले मासे पाहाचे?" ईश्वरकाका म्हणाले.

"दुसरं म्हणजे आपलं आपण फिराचं. सैद कोया धक्क्यावर येईन, त्याच्याच नावेतून तिथवर नेईन. पण तीनच्या आत परत या लागते. जहाज कोणासाठी थांबत नाही."

"अन् बेटापाशी तं थांबते ना गा?" मंदाबाईंनी विचारलं. "नक्की?"

"थांबते ना काकू. छापलं आहे इथं, तारीख अन् टाइमासकट."

छापलं होतं हे खरंच होतं. त्याच्याच खाली बारीक अक्षरात हेही छापलं होतं की हवामान किंवा दुसऱ्या कारणानं कोणतंही बंदर वगळायचा हक्क जहाजाला आहे. धनंजयनं ती ओळ वाचली, आणि पान वर सरकवलं.

त्याला त्याहून जास्त माहीत होतं. सकाळीच त्यानं सैद कोयाला फोन केला होता. कोया म्हणाला होता, "मई में समंदर का भरोसा नहीं, भाई. अक्टूबर के बाद आओ तो अच्छा." धनंजयनं तेही सांगितलं नाही. मंदाबाई दोन वर्षांत पहिल्यांदा खुर्चीत ताठ बसल्या होत्या. त्यांना आणखी सहा महिने थांबा म्हणायची त्याची हिंमत झाली नाही. शिवाय एक गोष्ट तो स्वतःशीही धड कबूल करत नव्हता. या दोघांना एकदाचं त्या बेटावर पोचवलं की तो अर्ज भरल्याचं ओझं आपल्या उरावरून उतरेल, असं त्याला वाटत होतं. मे महिना म्हणजे त्याचीही लवकर सुटका.

त्यानं तिकिटं काढली.

पुढचे दोन महिने ईश्वरकाकांचा माग दुसऱ्या कुणासाठी चालला नाही. त्यांनी कोशाच्या रेशमाचा एक दुपट्टा विणायला घेतला. पोराच्या लग्नात त्याच्या खांद्यावर टाकायचा होता तसाच, पिवळ्या काठाचा. तो त्या जागी पाण्यात सोडायचा, असं दोघांनी ठरवलं होतं. धनंजय संध्याकाळी त्यांच्या घरी जायचा. मंदाबाई त्याला पुन्हापुन्हा विचारायच्या, होडीत चढताना कुठं धरायचं, चक्कर आली तर काय करायचं. तो सगळं सांगायचा. एकदा जेवता जेवता त्या म्हणाल्या, "तूच आमचा आता, धनू." त्या संध्याकाळी तरी सांगायला हवं होतं. तो पाणी प्यायला आणि होडीत नेताना देतात ते नारिंगी जाकीट कसं घालायचं ते समजावू लागला.

ठरल्या दिवशी त्यानंच त्यांना गाडीत बसवून दिलं. तिसऱ्या दिवशी मुंबईहून ईश्वरकाकांचा फोन आला. जहाज पाहून ते लहान मुलासारखे बोलत होते. "आपली अख्खी मोहाडी मावते गा याच्यात!" त्यानंतर जहाज समुद्रात गेलं आणि फोन लागेनासा झाला.

बेटाच्या दिवशी धनंजयनं सातलाच दुकान उघडलं. साडेनऊला फोन वाजला. सैद कोया होता. मागं वाऱ्याचा इतका आवाज होता की शब्द तुटत होते.

"धनंजय भाई, जहाज दिख रहा है. मगर रुका नहीं."

"रुकेगा, रुकेगा. आठ का टाइम था, लेट होगा."

"नहीं भाई. लहर बहुत ऊँचा. मैं भी नाव नहीं निकाल सकता. आधा घंटा चक्कर काटा, अब मुड़ गया. जा रहा है."

धनंजय उभा राहिला. समोर तहसील कचेरीच्या फाटकाशी माणसं रोजच्यासारखी कागद घेऊन उभी होती. कोयानं फोन ठेवला नाही. जहाज किती लांब गेलं ते तो सांगत राहिला. अजून दिसतंय. आता लहान दिसतंय. आता नाही. मग तो म्हणाला, "घर में खाना बना था उनके लिए," आणि फोन बंद झाला.

धनंजयनं ईश्वरकाकांचा नंबर दिवसभर लावला. लागला नाही. जहाजाच्या कंपनीच्या नंबरावर एका मुलीनं गोड आवाजात सांगितलं की सुरक्षेसाठी हे बंदर वगळण्यात आलं आहे, आणि तुमच्या प्रवाशांनी आमची सहल घेतलेली नसल्यानं सहलीचं काही परत करायचं नाही. "मॅडम, परत काही नको," तो म्हणाला. "फक्त त्या दोघांले कोणी समजावून सांगतलं का, तेवढं सांगा."

चार दिवसांनी तो भंडारा रोड स्टेशनवर त्यांना आणायला गेला. आधी ईश्वरकाका उतरले. मग मंदाबाई, काकांचा हात धरून. त्यांनी धनंजयकडं पाहिलं नाही. फलाटावरच्या बाकावर बसल्या आणि तिथंच थांबल्या. काय झालं ते ईश्वरकाकांनीच सांगितलं.

"सकाळी पाचपासून आंग धुवून तयार होतो आम्ही. भोंग्यावर इंग्रजीत काही सांगतलं, हिंदीत सांगतलं, पण हिले वाटलं, होडीसाठी बोलवून राहिले. लोकं नाश्त्याले गेले. आम्ही दोघंच दरवाज्यापाशी उभे. बेट दिसे गा, धनू. झाडं दिसत होती. मंग ते बेट सरकाले लागलं. तुझी काकू म्हणे, काहून सरकून राहिलं?"

मग ते म्हणाले, "हिनं दुपट्टा काढला. म्हणलं, इथूनच सोडू. तं वर्दीवाल्यानं हात धरला. समुद्रात काही टाकाले मनाई आहे म्हणे. ही रडाले लागली तं त्याले वाटलं, उडी मारते. दोन दिवस खोलीबाहेर एक बाई बसवून ठेवली आमच्यावर."

धनंजय बाकासमोर खाली बसला.

"काकू, मले मालूम होतं," तो म्हणाला. "जहाज बंदर वगळू शकते, असं लिहून होतं तिथं. मी वाचलं होतं. कोयानंबी सांगतलं होतं, मे महिन्यात येऊ नका म्हणून. मी तुमाले सांगतलं नाही."

मंदाबाईंनी आता त्याच्याकडं पाहिलं. शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. त्या उठल्या आणि पिशवी घेऊन एकट्याच जिन्याकडं चालू लागल्या.

ईश्वरकाका मागं राहिले. "तू सांगतलं असतं तरी आम्ही गेलो असतो," ते म्हणाले. "ही थांबणारी नोहोती. पण मन तयार करून गेलो असतो, बापा. तेवढंबी तू आमाले ठेवलं नाही."

मोहाडीपर्यंत गाडीत मंदाबाई पिशवी मांडीवर धरून बसल्या.

ऑक्टोबरात नवीन फेऱ्या सुरू झाल्या. धनंजयनं तारखा कागदावर लिहिल्या, नियमाची प्रत्येक ओळ मराठीत लिहिली आणि तो कागद घेऊन तो त्यांच्याकडं गेला. मंदाबाई अंगणात तांदूळ निवडत होत्या. ईश्वरकाकांनी कागद मोठ्यानं वाचला. वाचून होईस्तोवर मंदाबाईंचा हात सुपात तसाच राहिला.

"नाही जाणं," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "पोराच्या दारातून एक डाव परत आली मी. आता पुन्हा नाही."

त्या दिवसापर्यंत त्यांनी योगेंद्रचं काहीच करू दिलं नव्हतं. देह नाही तर क्रिया कशाची, असं त्या म्हणायच्या. दिवाळीनंतर त्यांनी स्वतःच ब्राह्मणाला बोलावलं. वैनगंगेच्या काठावर दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी दिला. ईश्वरकाकांच्या निरोपावरून धनंजय गेला आणि लांब उभा राहिला. योगेंद्रला भाऊ नव्हता. मडकं कोण धरणार, असं गुरुजींनी विचारलं तेव्हा काकांनी त्यालाच पुढं बोलावलं.

तेराव्याला पंगत बसली. मंदाबाई स्वतः वाढत होत्या. धनंजयच्या पानापाशी आल्या, थांबल्या. त्याच्या पानातला भात संपला होता.

"त्याले विचारा," त्या शेजारी बसलेल्या नवऱ्याला म्हणाल्या, "भात पाहिजे का म्हणून."

धनंजयनं मान डोलावली. त्यांनी भात वाढला, आणि त्या पुढच्या पानाकडं गेल्या.